दुकानदाराचे अडीच हजार आणि बहात्तरचा दुष्काळ

परवा आमच्या बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार मोबाईल पुढे करत आले. "पत्रकार, हे बघा. जीएसटी भरतो, इन्कम टॅक्स भरतो, नगरपालिकेची पट्टी भरतो. आता हा पीटी कुठून आला?" मोबाईलवर व्यवसाय कराची नोटीस होती. चार वर्षांची थकबाकी, वर व्याज.

काका, हा कर 'आता' आलेला नाही. तो १ एप्रिल १९७५ पासून आहे, म्हणजे तुमच्या दुकानापेक्षा जुना. आणि तो का आला हे कळलं तर राग थोडा कमी होईल. निदान कुणावर काढायचा ते तरी कळेल.

सुरुवात करावी लागते १९७२ पासून. त्या दुष्काळाच्या गोष्टी आपल्या घरोघरी आहेत. मिलो, सुकडी, खडी फोडणं, नालाबांधावर पाट्या टाकणं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "आमची आईपण होती खडीवर. मला झाडाखाली निजवायची." मग पुढचं त्यांनी नीट ऐकलं.

दुष्काळ सरला तरी प्रश्न राहिला. पाऊस झाला म्हणून मजुराला बारा महिने काम मिळतं असं नाही. वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. मूळचे आपल्या सांगली जिल्ह्यातले, तासगाव भागातले. मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, हा विचार त्यांनी लावून धरला. तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ ला योजना जाहीर झाली, दुष्काळी कामांच्या धबडग्यात मागे पडली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. तीच आपली रोजगार हमी.

पण पैसा? दरवर्षी बजेटात उरेल त्यातून मजुरी द्यायची म्हटलं तर 'हमी' या शब्दाला अर्थ उरत नाही. म्हणून खास या कामासाठी कर बसवले गेले. त्यातला मोठा हा व्यवसाय कर. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी, दलाल, सगळ्यांवर. शिवाय विक्रीकरावर आणि मोटार वाहन करावर अधिभार, बागायती जमिनीवर कर. जेवढं या करांतून जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ ला अमलात आला. कामाचा हक्क कायद्यानं देणारं आणि त्यासाठी शहरातल्या कमावत्या माणसाकडून थेट पैसे घेणारं दुसरं राज्य तेव्हा देशात नव्हतं. माझ्या मते महाराष्ट्रानं केलेल्या चांगल्या कामांत हे बरंच वर बसतं.

व्यापाऱ्याला यात मिळालं काय? आठवडी बाजाराला येणारं गिऱ्हाईक कोण असतं ते आठवा. शनिवारी हातात मजुरी पडली की रविवारी तेल-मीठ-चहापत्ती कुणाच्या दुकानातून जायची? १९९० पासून रोहयोतून फळबागा लागल्या. आज डाळिंब-बोराच्या पैशावर उभी असलेली किती दुकानं आपल्याच पेठेत आहेत.

आता रागाची बाजू. राज्यघटनेच्या कलम २७६ नं या कराला कमाल मर्यादा घातलीय. आधी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली आणि तिथंच थांबली. त्यामुळे हा कर छोट्याला टोचतो आणि मोठ्याला जाणवतही नाही. कोटींची उलाढाल करणाऱ्यालाही वर्षाला अडीच हजारच. दुसरं, कराचं नाव आणि काम यांची फारकत झाली. २००५ ला संसदेनं केंद्राचा कायदा केला, मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. कर मात्र चालूच राहिला. चलनावर 'रोजगार हमी' हा शब्द नाही, त्यामुळे आपण काय भरतोय हे कुणालाच कळत नाही. आपल्या तालुक्यातून किती गोळा झाले आणि इथल्या कामांवर किती खर्च झाले, हे सरकारनं दरवर्षी चावडीवर लावायला हवं.

काकांची चूक कुठं झाली तेही सांगतो, कारण ती निम्म्या बाजारपेठेची आहे. या करात दोन वेगवेगळे नंबर असतात. पीटीईसी म्हणजे मालकाचा स्वतःचा कर. पीटीआरसी म्हणजे नोकराच्या पगारातून कापून भरायचा. काकांनी दोन पोरं कामाला ठेवली तेव्हा कुणीतरी पीटीआरसी काढून दिला आणि त्यांना वाटलं, झालं काम. स्वतःचा कर राहूनच गेला. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराला पीटीईसी वेगळा लागतो, हेही बऱ्याच भावा-भावांच्या दुकानांत माहीत नसतं.

पीटीईसीची रक्कम ३० जूनपर्यंत भरायची. उशिराला महिन्याला सव्वा टक्क्यापासून व्याज. पीटीआरसीचं रिटर्न चुकलं तर हजार रुपयांपर्यंत लेट फी, कापायला काही नसलं तरी. महिला कामगाराचा पगार महिना २५ हजारांपर्यंत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून तिचा कर कापायचा नाही. आजही कापला जातो, तो थांबवा. मालकाचं वय ६५ च्या वर असेल तर त्याला माफी आहे. आणि तुम्ही नियमित वह्या ठेवून इन्कम टॅक्स भरत असाल तर भरलेला पीटीईसी धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. ठोक टक्केवारीनं नफा दाखवत असाल तर वेगळा दाखवता येत नाही. तुमच्या सीएला यंदा एवढं विचारून घ्या.

काकांनी थकबाकी दोन दिवसांत भरली. चलनाची प्रिंट काढून दुकानात लावणार म्हणाले, आईच्या फोटोखाली.

कुणाच्या घरी १९७५-८० च्या काळातली व्यवसाय कराची पावती किंवा रोहयोचं हजेरीपत्रक असेल तर कृपया फोटो पाठवा. पुढच्या पोस्टला वापरीन.