आडनावाचा रकाना रिकामा असेल तर : पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातली कागदपत्रे

भारतीय पासपोर्टच्या अर्जात नावासाठी दोन रकाने असतात. पहिला 'गिव्हन नेम', म्हणजे स्वतःचे नाव. दुसरा 'सरनेम', म्हणजे आडनाव. दुसरा रकाना रिकामा सोडला तरी अर्ज पुढे सरकतो आणि पासपोर्टही मिळतो. त्यामुळे पुष्कळांना वाटते की काम झाले. खरा त्रास पुढे होतो. व्हिसाचा फॉर्म भरताना, विमानात बसताना, तिकडे बँकेत खाते उघडताना आणि शेवटी बायको-मुलांना बोलावून घेताना. आपल्या समाजातून नोकरी आणि तालीमसाठी बाहेर जाणारी मुले वाढत आहेत, म्हणून ही माहिती एका ठिकाणी असलेली बरी.

आडनाव नसणे ही चूक आहे का?

अजिबात नाही. जगातल्या अनेक समाजांत आडनाव ही पद्धतच नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी महासचिव ऊ थांट हे म्यानमारचे. त्यांचे नाव फक्त 'थांट'. 'ऊ' हा मानाचा शब्द, आपल्याकडच्या 'साहेब' किंवा 'जनाब'सारखा. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि सुहार्तो या दोघांचीही नावे एकेका शब्दाची. आइसलँडमध्ये बहुतेकांच्या नावापुढे बापाचे किंवा आईचे नाव लागते, घराण्याचे लागत नाही. तामिळनाडूत बापाच्या नावाचे आद्याक्षर लावतात. अरबी पद्धतीत स्वतःचे नाव, मग वालिदचे, मग दादाचे अशी साखळी असते.

काही देशांनी कायदा करून लोकांना आडनावे घ्यायला लावली. थायलंडने १९१३ मध्ये आणि तुर्कस्तानने १९३४ मध्ये. इंडोनेशियाने २०२२ मध्ये नियम केला की नव्याने नोंदवले जाणारे नाव किमान दोन शब्दांचे असावे. म्हणजे बघा, नाव आधी आले, रकाने नंतर आले. पण आज परदेशातला संगणक रकान्यांवर चालतो आणि तो आपल्या रिवाजाची चौकशी करत नाही.

आपल्याकडची नावे कशी असतात

महाराष्ट्रातल्या मुसलमानांची नावे एकसारखी नाहीत. कोकणात पारकर, मुकादम, दलवाई, खोत, काझी अशी पक्की आडनावे आहेत. त्यांना हा त्रास सहसा होत नाही. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात वेगळी रीत आहे. तिथे नाव असते 'शेख रहीम शेख करीम'. यात 'रहीम' मुलाचे नाव, 'करीम' वालिदचे, आणि 'शेख' दोघांच्याही आधी. सय्यद आणि पठाण यांच्यातही असेच. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर नाव आडनावापासून सुरू होते, त्यामुळे ही रीत तिथे चपखल बसते आणि कुणाला काही खटकत नाही. पण पासपोर्ट काढताना एजंट किंवा सायबर कॅफेवाला हे चारही शब्द 'गिव्हन नेम'मध्ये टाकतो आणि 'सरनेम' कोरे ठेवतो. घरात शेख आहे, पण कागदावर आडनाव नाही.

दुसरा प्रकार एकाच शब्दाचा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नुसते 'इम्रान' किंवा 'सलमा' लिहिलेले असते, वालिदचे नाव वेगळ्या रकान्यात. तिसरा प्रकार 'मोहम्मद अझहर' यासारखा. शब्द दोन असले तरी दोन्ही मिळून एकच नाव, त्यात आडनाव नाही.

आता एकाच माणसाची तीन कागदपत्रे घ्या. आधार कार्डावर नावाला एकच रकाना, त्यामुळे तिथे काहीच अडत नाही. पॅन कार्डाच्या अर्जात आडनाव सक्तीचे. ज्याचे नाव एकाच शब्दाचे आहे त्याने तो शब्द आडनावाच्या जागी लिहायचा असतो. पासपोर्टात तोच शब्द स्वतःच्या नावाच्या जागी असतो. माणूस एक, शब्दही एक, पण पॅनवर तो आडनाव आणि पासपोर्टवर नाव. इथे आपण त्यातून वाट काढतो. बाहेर ते जड जाते.

यंत्र नाव कसे वाचते

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. जगभरच्या विमानतळांवर यंत्र त्याच ओळी वाचते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यांचे नियम ठरवले आहेत. त्यात नावाचे दोन भाग असतात, मुख्य आणि दुय्यम. मुख्य भाग भरलेला असलाच पाहिजे. दुय्यम रिकामा चालतो. ज्याचे नाव एकच आहे, त्याचे ते नाव मुख्य भागात जाते, म्हणजे बहुतेक देश जिथे आडनाव ठेवतात त्या जागी. सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे. आपण म्हणतो 'नाव आहे, आडनाव नाही'. बाहेरचे संगणक म्हणतात 'आडनाव आहे, नाव नाही'.

अमेरिका : 'एफएनयू' नावाचा माणूस

अमेरिकेच्या व्हिसात हे स्पष्ट दिसते. पासपोर्टात आडनाव नसेल तर स्वतःचे सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' लिहिले जाते. त्याचा अर्थ 'फर्स्ट नेम अननोन', पहिले नाव माहीत नाही. आपल्या शेख रहीमचे चारही शब्द आडनाव होतात आणि तो स्वतः होतो 'एफएनयू'.

पुढे प्रत्येक खिडकीवर वेगळा प्रकार. एका कागदावर 'एफएनयू' हेच नाव म्हणून छापून येते, दुसऱ्यावर नुसते खरे नाव, तिसऱ्यावर रकाना कोरा. मग ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी कागद एकमेकांशी जुळत नाहीत. नोकरीच्या आधी होणाऱ्या तपासणीत पदवीवरचे नाव आणि वर्क परमिटवरचे नाव वेगळे निघते. दवाखान्यात नर्स पुकारते तेव्हा त्याला समजतच नाही की आपल्याला बोलावले. २०२१ नंतर अमेरिकेत गेलेल्या अनेक अफगाण निर्वासितांच्याही कागदांवर हेच 'एफएनयू' आले, कारण त्यांच्याकडे एकच नाव असणे अगदी साधी गोष्ट आहे.

यात आपल्याकडची आणखी एक गोष्ट भर घालते. जुन्या पिढीत शाळेत घालताना अनेकांची जन्मतारीख १ जून लिहिली गेली. पहिले नाव 'एफएनयू', आडनावाच्या जागी एखादे सर्रास आढळणारे नाव, जन्मतारीख १ जून. अशी माणसे संगणकाला वेगळी ओळखू येत नाहीत. दुसऱ्याच कुणाची नोंद आपल्या नावाशी जुळली की चौकशी लांबते.

अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्याच अर्जात नाव बदलून मागता येते आणि न्यायालयात शपथविधी झाला तर बदल तिथेच मंजूर होतो. पण तोपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात.

आखात : विमानतळावरूनच परत

संयुक्त अरब अमिरातीचा नियम जास्त कडक निघाला. २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असणाऱ्यांना व्हिजिट व्हिसा किंवा तात्पुरत्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही, असे विमान कंपन्यांनी कळवले. नंतर खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते धरले जाईल, आणि ज्यांच्याकडे तिथले रहिवासी कार्ड आधीपासून आहे त्यांना नियम लागू नाही.

ज्याला तिकडचे अधिकारी प्रवेश नाकारतात त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते. म्हणून कंपनी धोका घेत नाही, काउंटरवरच थांबवते. कर्ज काढून, एजंटला पैसे भरून निघालेल्या पोरासाठी तो एक कोरा रकाना किती महाग पडतो, हे वेगळे सांगायला नको. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडे त्या दिवशीचा नियम विचारून घ्यावा.

कॅनडा आणि जर्मनी

कॅनडाच्या अर्जात एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात लिहायचे आणि नावाचा रकाना रिकामा ठेवायचा. तिथे रेघ, फुली किंवा 'लागू नाही' असे काहीही भरू नये. म्हणजे अमेरिकेसाठी 'एफएनयू', कॅनडासाठी कोरे. एका देशाची रीत दुसऱ्या देशाच्या फॉर्मवर चालवू नका. जर्मनीत ज्यांच्यावर जर्मन नावाचा कायदा लागू होतो, त्यांना आपल्याच नावातून कोणता शब्द नाव आणि कोणता आडनाव हे निवेदन देऊन ठरवता येते.

विमान तिकिटातही दोन रकाने भरावेच लागतात. कुठे तेच नाव दोनदा लिहायला सांगतात, कुठे 'मिस्टर' किंवा 'मिसेस' हेच पहिले नाव होते. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी. अंदाजाने भरू नये, विचारून भरावे.

बायकांच्या नावांचा वेगळा पेच

'शबाना बी', 'नसीम बेगम', 'रुखसाना परवीन', 'आयेशा खातून'. यातला दुसरा शब्द मानाचा किंवा नावाचाच भाग, घराण्याचा नाही. पण परदेशात तोच आडनाव समजला जातो. मग आई 'मिसेस बी', मुलगी 'मिस परवीन', वडील 'मिस्टर शेख' आणि मुलगा 'मिस्टर एफएनयू'. एकाच घरातली चार माणसे, कागदावर चार घराणी. कुटुंबाला बोलावण्याच्या अर्जात अधिकारी नाते सिद्ध करायला सांगतात, आणि निकाहनाम्यावरचे नाव पासपोर्टशी जुळले नाही तर प्रकरण अडकते.

इस्लामी रिवाजात बाई निकाहनंतरही वालिदच्या नावानेच ओळखली जाते. नाव बदलायची सक्ती नाही. आपल्याकडे मात्र महाराष्ट्राच्या पद्धतीप्रमाणे मधले नाव नवऱ्याचे लावतात. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण एकदा ठरवले की सगळीकडे तेच ठेवावे. दहावीचे प्रमाणपत्र एका नावाने, आधार दुसऱ्या आणि पासपोर्ट तिसऱ्या, असे झाले की प्रत्येक अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडत फिरावे लागते. 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असे आपल्याकडचे प्रतिज्ञापत्र बाहेर प्रत्येक ठिकाणी मानतातच असे नाही.

घरातून निघण्याआधी काय करावे

१) आधी सगळे कागद समोर ठेवा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट. प्रत्येकावर नाव आणि स्पेलिंग कसे आहे ते एका कागदावर उतरवून घ्या. शेख, सय्यद आणि मोहम्मद यांची स्पेलिंगे सर्वात जास्त बदलतात.

२) 'मोहम्मद'चे 'मो.' किंवा 'मोहद', 'अब्दुल'चे 'अ.' अशी काटछाट कुठेही करू नका. पासपोर्टवर 'मोहद' छापले की तेच तुमचे नाव ठरते.

३) पहिल्यांदा पासपोर्ट काढत असाल तर दोन्ही रकाने भरा. आधीच्या उदाहरणात स्वतःच्या नावात 'रहीम करीम' आणि आडनावात 'शेख' असे नाव बसते. बाकी कागदांना ते जुळते का हे आधी पाहा. जुळत नसेल तर अर्जाआधी आधार दुरुस्त करून घ्या.

४) पासपोर्ट आहे पण आडनाव कोरे आहे, तर 'री-इश्यू'चा अर्ज करावा आणि त्यात वैयक्तिक माहितीतील बदल हे कारण निवडावे. असलेले नाव दोन रकान्यांत विभागणे वेगळे आणि नवे आडनाव घेणे वेगळे. नव्या नावाला कागद जास्त लागतात. कोणते लागतील ते पासपोर्ट सेवा केंद्राकडून आधीच समजून घ्या.

५) नाव खरोखर बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. राजपत्राची प्रत जन्मभर सांभाळा.

६) हे सर्व व्हिसाच्या अर्जाआधी करा. व्हिसा एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने झाला तर नवी अडचण उभी राहते. जुना पासपोर्ट फेकू नका.

मुलांच्या बाबतीत

जन्म नोंदवताना बाळाचे नाव ठरले नसेल तर ते नंतर भरता येते; १२ महिन्यांपर्यंत फी लागत नाही. आजकाल रुग्णालयातून नोंद होते आणि घरचे लोक कागद न वाचताच सही करतात. तिथे दोन मिनिटे थांबा आणि स्पेलिंग स्वतः पाहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखल्याचे वजन खूप वाढले आहे. शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून तोच मुख्य कागद. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही येते : मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. म्हणजे शेवटचा रकाना इथेही आहे.

शाळेत नाव घालायला येणाऱ्या पालकांना माझी एवढीच विनंती असते की रजिस्टरात नोंद होताना समोर उभे राहून पाहा. मूल शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करणे त्यामानाने सोपे. शाळा सुटल्यावर त्याच दुरुस्तीसाठी शिक्षण खात्याच्या मंजुरीचे हेलपाटे घालावे लागतात.

आडनाव कोणते घ्यावे, हा प्रत्येक घराचा प्रश्न. कुणी शेख, सय्यद लावतो, कुणी दादाचे नाव, कुणी गावाचे. आज तुम्ही जो शब्द त्या रकान्यात लिहाल तो तुमच्या नातवंडांपर्यंत जाणार आहे. म्हणून एजंटवर सोडू नका. घरातल्या मोठ्यांना विचारा, भावा-भावांनी मिळून एकच ठरवा, बायकोचे आणि मुलींचे नाव त्यात कसे बसेल तेही बघा, आणि मग लिहा.