मोजमापातील मृतकाळ

मसाटच्या औद्योगिक वसाहतीत फाटकावरचा पहारेकरी एका ट्रकचा क्रमांक वहीत लिहीत असताना दुसरा ट्रक आत निघून गेला, तर वहीत एक ट्रक कमी भरतो. यात पहारेकऱ्याचा कामचुकारपणा नसतो. लिहिण्यालाच वेळ लागतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांत नोंदयंत्रणेच्या अशा मिटल्या क्षणांना 'मृतकाळ' म्हणतात. 1928 साली गायगर व म्युलर यांनी सिद्ध केलेल्या गणकनळीपासून संशोधकांना याचा हिशेब ठेवावा लागला आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इतिहासात या प्रश्नाची दोन टोके दिसतात. 1965 साली संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली. तेथे नोंदी इतक्या विरळ, की मृतकाळ नगण्य होता. दुसरे टोक आकाशातले. 28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहावर याच संस्थेने घडवलेली लॅक्सपीसी ही क्ष-किरण उपकरणे आहेत. एक नोंद झाली की उपकरण सुमारे 42 मायक्रोसेकंद मिटलेले राहते. हा काळ क्षुल्लक वाटतो; परंतु सेकंदाला 10,000 नोंदी झाल्या, तर त्या सेकंदातील निदान 0.42 सेकंद उपकरण आंधळे असते. म्हणजे तारा जितका तेजस्वी, तितकी त्याच्या तेजाची नोंद अपुरी.

हा दोष ओळखायचा कसा? लागोपाठच्या दोन नोंदींमधील अंतरे मांडून पाहतात. कण यदृच्छया येत असतील, तर अगदी लहान अंतरेही भरपूर आढळायला हवीत. ठरावीक मर्यादेखाली एकही अंतर सापडले नाही, तर ती मर्यादा निसर्गाची नव्हे, उपकरणाची. दुसरा उपाय म्हणजे ज्ञात संख्येचे कृत्रिम स्पंद यंत्रणेत सोडून त्यांतले किती नोंदले गेले, हे मोजणे. दोष कळला की गणिताने भरपाई करता येते.

इतिहासाच्या अभ्यासकांनीही यातून बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते. जुन्या दप्तरांत आपल्या घराण्यांविषयी मौन आढळले, की 'त्या काळी काही घडलेच नाही' असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रथम विचारावे, त्या वेळी लिहिणारा जागेवर होता काय, आणि त्याचा हात कशात गुंतला होता? नोंदीचा अभाव हा घटनेच्या अभावाचा पुरावा नव्हे.