दंडातून आतड्याकडे

कॉलऱ्याचा जंतू माणसाच्या रक्तात शिरत नाही. तो पाण्याबरोबर तोंडातून येतो, जठरातल्या आम्लातून बचावलाच तर लहान आतड्यात पोचतो, तिथल्या अस्तराला चिकटून वाढतो, विष सोडतो आणि जुलाबांवाटे बाहेर पडतो. सगळा मामला आतड्याच्या पोकळीत उरकतो. रॉबर्ट कोख यांनी १८८४ साली कलकत्त्यात हा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू वेगळा करून वाढवला, तेव्हाही तो मृतांच्या आतड्यात सापडत होता, रक्तात नव्हे. तरीही लस दंडात टोचायची की पोटात घ्यायची, याचा निकाल लागायला त्यानंतर शंभर वर्षं जावी लागली. आज ही लस छोट्या कुपीतून सरळ तोंडात ओततात. त्या कुपीची वंशावळ मात्र सुईपासूनच सुरू होते.

पहिली सुई स्पेनमधली. १८८५ साली व्हॅलेन्सिया भागात पटकी, म्हणजे कॉलराच, पसरली असताना हायमे फेरान या डॉक्टरांनी जिवंत जंतू हजारो लोकांना टोचले. माणसाला जंतुजन्य रोगाविरुद्ध लस टोचण्याचा तो पहिलाच मोठा प्रयोग. पण लस कशी बनते हे त्यांनी गुप्त ठेवलं आणि परदेशातून आलेले तपासनीस चिडून परत गेले. फेरान यांचं नाव मागे पडलं ते त्यामुळे.

मग आले वाल्डेमार हाफकिन. ओडेसात जन्मलेले, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी करणारे. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला पोचले, कारण लसीचा कस लागायचा तर पटकी जिथे घर करून आहे तिथेच जायला हवं. १८९४ साली कलकत्त्याच्या काटाल बागान वस्तीत त्यांनी निम्म्याहून अधिक लोकांना टोचलं. नंतर तिथे जे आजारी पडले ते न टोचलेल्यांपैकी होते, अशी त्यांची नोंद आहे. मुंबईकरांना हाफकिन आठवतात ते १८९६च्या प्लेगमुळे आणि परळच्या संस्थेमुळे. पण हिंदुस्थानात त्यांना आणलं ते कॉलऱ्यानं.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांनी एक सुंदर आणि दिशाभूल करणारा प्रयोग केला. १८९४ची गोष्ट. लस टोचलेल्या गिनीपिगच्या उदरपोकळीत त्यांनी कॉलऱ्याचे जंतू सोडले, तर ते बघता बघता फुगले आणि विरघळून गेले. रक्तातली प्रतिपिंडं जंतू मारतात, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा होता. प्रयोगात खोट काहीच नव्हती. मात्र उदरपोकळी म्हणजे आतडं नव्हे. आतडी त्या पोकळीत असतात, आणि कॉलरा आतड्यांच्याही आत असतो. प्रयोगशाळेतल्या प्रौढ जनावरांना तोंडावाटे जंतू पाजून माणसासारखी पटकी होत नव्हती, म्हणून शास्त्रज्ञांनी जिथे मोजता येत होतं तिथे मोजलं. उंदराच्या पोटात सुई खुपसून लसीची ताकद ठरवायची रीत पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होती. माझ्या मते या सबंध कहाणीतली सगळ्यात महागडी सोय हीच.

वेगळी वाट कुणाला सुचलीच नाही असंही नाही. पाश्चर इन्स्टिट्यूटमधलेच अलेक्झांडर बेझरेड्का सांगत होते की प्रतिकार स्थानिक असतो. आतड्याचा रोग असेल तर आतड्यालाच शिकवा. त्यासाठी त्यांनी मारलेल्या जंतूंच्या गोळ्या काढल्या. त्या घेण्याआधी बैलाचं पित्त पोटात घ्यायचं, म्हणजे अस्तर मोकळं होऊन लस आत भिनेल, असा त्यांचा तर्क. १९२०च्या दशकात मद्रास इलाख्याचे आरोग्य संचालक रसेल यांनी या गोळ्या आणि नेहमीची सुई यांची प्रत्यक्ष साथीत तुलना केली. दोन्हींचा गुण जवळजवळ सारखाच निघाला. पित्तानं काहींचं पोट बिघडायचं, तो तोटा वेगळा. आतड्याला शिकवण्याची बेझरेड्कांची कल्पना खरी ठरायची होती. पण प्रतिपिंडांचा यात काही संबंध नाही, हे त्यांचं म्हणणं साफ चुकीचं होतं. गोळी मागे पडली.

सुई टिकली, आणि ती निव्वळ शास्त्रामुळे टिकली नाही. दंड सुजतो, ताप येतो, दाखल्यावर शिक्का बसतो. सरकारला काहीतरी केल्याचं दिसतं. मुंबई इलाख्यात १९३०च्या दशकात पंढरपूरच्या वारकऱ्यांना टोचून घेणं सक्तीचं झालं. ज्या गावांनी मरीआईचा गाडा शिवेपार ढकलून पटकीला निरोप दिला होता, त्यांच्या वाटेवर आता टोचणीवाले उभे राहिले. परदेशी जाणाऱ्यांकडेही कॉलऱ्याचा दाखला मागितला जायचा.

खरं उत्तर सशांनी दिलं, आणि दोन भारतीय शहरांत दिलं. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५३ साली सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्यानं टम्म फुगला. १९५९ साली त्यांनी दाखवलं की जंतू गाळून काढले आणि नुसता द्रव घातला तरी तेच होतं. म्हणजे कॉलरा हा विषाचा खेळ, आणि ते विष आतड्यातच काम करतं. इकडे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता यांनी १९५५पासून सशाच्या दूध पिणाऱ्या पिल्लांत पटकी घडवून दाखवली होती. १९५९ मध्येच पानसे आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी जंतूंपासून काढलेलं विष त्या पिल्लांना देऊन जुलाब होतात हे सिद्ध केलं. डे यांचं नाव निदान उशिरा का होईना घेतलं जातं. परळच्या या कामाची आठवण मुंबईतही फारशी कुणी काढत नाही.

साठच्या दशकात पूर्व पाकिस्तान, कलकत्ता आणि फिलिपीन्समध्ये टोचण्याच्या लसींच्या रीतसर चाचण्या झाल्या. संरक्षण साधारण निम्म्या लोकांना, तेही काही महिने, आणि लहान मुलांत त्याहून कमी. निम्मं तरी का मिळालं? जिथे कॉलरा कायमचा मुक्कामाला आहे तिथल्या मोठ्या माणसांच्या आतड्यानं तो जंतू आधी पाहिलेला असतो; सुई ती जुनी ओळख जागी करते. ज्या मुलाची ओळखच झालेली नाही, त्याला सुईचा फारसा उपयोग नाही. १९७३ साली जागतिक आरोग्य सभेनं प्रवाशांसाठी कॉलऱ्याच्या दाखल्याची अट काढून टाकली. पाठोपाठ १९७४ साली बांगलादेशात नुसतं निर्विष केलेलं विष टोचून पाहिलं, तेही फोल ठरलं.

दरम्यान आतड्याच्या पहाऱ्याचा नकाशा उलगडत होता. लहान आतड्याच्या अस्तरात लसिका पेशींचे चकते असतात. योहान पायर यांनी १६७७ सालीच त्यांचं वर्णन केलं होतं, पण ते करतात काय हे तीनशे वर्षं धड ठाऊक नव्हतं. या चकत्यांवरच्या खास पेशी आतड्यातले जंतू उचलून आत सोपवतात. तिथे ओळख पटलेल्या बी-पेशी आतडं सोडतात, लसिकेतून रक्तात जातात, आणि मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोकणात यावा तशा न चुकता आतड्याच्या अस्तरात परततात. तिथे बसून त्या ‘आयजीए’ नावाची प्रतिपिंडं तयार करतात. ही प्रतिपिंडं जोडीजोडीनं अस्तराच्या पेशींतून पार होऊन पोकळीत उतरतात. जंतूची शेपटी ज्या आवरणात असते त्यालाच ती चिकटतात; शेपटी लुळी पडते, जंतू अस्तरापर्यंत पोहूच शकत नाही. दंडात टोचलेल्या लसीमुळे प्रतिपिंडं बनतात, पण ती मुख्यतः रक्तात राहतात. त्यांतली थोडीच आतड्यात पाझरतात.

हे कळल्यावर स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे यान होल्मग्रेन आणि आन-मारी स्वेनरहोल्म यांनी मारलेल्या जंतूंत विषाचा निरुपद्रवी भाग मिसळून प्यायची लस केली. १९८५ साली बांगलादेशातल्या मतलबमध्ये सुमारे ६३ हजार मुलं आणि स्त्रियांवर तिची चाचणी झाली. पहिल्या सहा महिन्यांत संरक्षण ८५ टक्के, तीन वर्षांच्या हिशोबात साधारण निम्मं. मौज अशी की विषाचा जो भाग डे यांच्या शोधामुळे लसीत आला होता, तोच पुढे गळाला. त्याचा फायदा काही महिनेच टिकतो, शिवाय आम्लात तो टिकावा म्हणून लस क्षाराच्या पाण्यातून द्यावी लागते. व्हिएतनामने होल्मग्रेन यांच्याकडून तंत्र घेऊन तो भाग वगळलेली स्वस्त लस बनवली. तीच सुधारून हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने २००९ साली ‘शांकॉल’ आणली. दोन डोस, चौदा दिवसांचं अंतर, क्षार नाही, पाणी नाही. हाफकिन जिथे वस्त्यांतून फिरले त्या कोलकात्यातच २००६ साली या लसीची मोठी चाचणी सुरू झाली होती आणि पाच वर्षांनंतरही संरक्षण ६५ टक्के निघालं. शांताने ती लस आता थांबवली आहे. २०२४ साली हैदराबादच्याच भारत बायोटेकने ‘हिलकॉल’ आणली.

कोलकात्याच्या त्याच आकड्यांत एक काटा आहे. पंधरा वर्षांवरच्यांना ७४ टक्के संरक्षण, एक ते पाच वर्षांच्या मुलांना ४२ टक्के. ज्यांना पटकी सर्वांत लवकर सुकवते त्यांनाच लस सर्वांत कमी लागू पडते. गरीब वस्तीतल्या मुलाचं आतडं सततच्या संसर्गांनी सुजलेलं असतं, हे एक कारण सांगतात. जुनी ओळख नसते, हे दुसरं. तिसरं कारण आईच्या दुधात आहे. बांगलादेशातल्या अभ्यासात १९८३ सालीच दिसलं होतं की दुधातली प्रतिपिंडं अंगावर पिणाऱ्या बाळाला पटकीपासून वाचवतात. हीच प्रतिपिंडं बाळाच्या पोटात लसीतल्या जंतूंनाही अडवू शकतात. तिथल्याच नंतरच्या एका प्रयोगात सहा ते अठरा महिन्यांच्या मुलांना लसीआधी तीन तास अंगावर पाजलं नाही, काहींना जस्त दिलं, तर प्रतिसाद सुधारला. भर उन्हात रडणारं मूल कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आईला ‘तीन तास पाजू नका’ हे कोण सांगणार, आणि ती का ऐकेल, याचं उत्तर त्या प्रयोगात नाही.