दाह, शोथ आणि पाक

सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून असलेले गाव आता गाव म्हणून कमी आणि वैद्यकीय शिक्षणाचे ठिकाण म्हणून अधिक ओळखले जाते. १९९० साली तेथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. जवळच सालोड (हिरापूर) येथे आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे आणि शहराच्या पलीकडच्या अंगाला सेवाग्रामचे, १९६९ साली सुरू झालेले, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान. एवढ्याशा परिसरात शरीराविषयीच्या निदान तीन भाषा रोज एकमेकींशेजारी बोलल्या जातात: पाठ्यपुस्तकाची इंग्रजी, संहितांची संस्कृत आणि रुग्णाची वऱ्हाडी. साहित्याच्या अभ्यासकाने या तिन्हींचा एकत्र विचार करावा असा एक विषय आहे. पायात काटा मोडला की तेथे जे काही होते, त्याला काय म्हणायचे?

पाठ्यपुस्तक त्याला ‘अ‍ॅक्यूट इन्फ्लमेशन’ म्हणते. विश्वकोशी मराठीने त्यासाठी ‘शोथ’ हा शब्द घेतला, आणि त्यावरून संधिशोथ, यकृत्‌शोथ, आंत्रपुच्छशोथ अशी कुळी वाढवली. वर्तमानपत्री मराठी बहुधा ‘दाह’ म्हणते. हे दोन शब्द समानार्थी मानून आपण पुढे जातो. वास्तविक त्यांच्यामागे दोन वेगळी चित्रे आहेत. ‘इन्फ्लमेशन’च्या मुळाशी असलेले लॅटिन क्रियापद पेटवण्याचे आहे. ‘दाह’ म्हणजे त्याचेच भाषांतर. ‘शोथ’ मात्र फुगण्याच्या धातूवरून आलेला. त्यात आग नाही, सूज आहे. (‘दाहक’ हे विशेषण आमच्या समीक्षेने इतके वापरले आहे, की त्याची धग केव्हाच निवाली, निदान वैद्यकाने तरी तो शब्द जपून वापरावा.)

आणि रुग्ण? तो यांतले काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘गयू पिकलं’. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून गळूचे गयू. पण क्रियापद साऱ्या महाराष्ट्राचे आहे. गळू धरते, पिकते, फुटते, वाहते. कधी न पिकताच बसते. ही शब्दावली आगीची नाही, शेताची आणि झाडाची आहे. तिच्यात काळ आहे, क्रम आहे आणि शेवटही आहे.

हे पिकणे थेट सुश्रुतापर्यंत जाते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतरावा अध्याय आमपक्वैषणीय नावाचा आहे: सूज कच्ची की पिकलेली, हे कसे ओळखावे याचा. तीन अवस्था सांगितल्या आहेत, आम, पच्यमान आणि पक्व. आमावस्थेत सूज कठीण, ऊब थोडी, त्वचेचा रंग फारसा पालटलेला नाही, वेदना मंद. पच्यमानाचे वर्णन मात्र एखाद्या कवीने करावे तसे आहे: सुया टोचाव्यात, मुंग्या डसाव्यात, शस्त्राने चिरावे, आगीने पोळावे, विंचू चावलेल्यासारखे बसता-उठता-निजता कुठेच चैन नाही, ताप, तहान, अन्नावरची वासना उडालेली. आणि पक्वावस्थेत वेदना उतरते, त्वचेला सुरकुत्या पडतात, एका बाजूने दाबले तर आतला पू पखालीतल्या पाण्यासारखा दुसरीकडे हलतो. कच्चे कापणारा आणि पिकलेले न कापता सोडणारा, दोघेही वैद्य सुश्रुताने सारखेच अधम ठरवले आहेत. म्हणजे हा वर्णनासाठी केलेला वर्णनविलास नव्हे. चाकू केव्हा लावायचा, हा प्रश्न त्यामागे आहे, आणि त्याचे उत्तर चुकले तर माणूस दगावतो.

येथे एक प्रामाणिक शंका घ्यायला हवी. पाक म्हणजे शिजणेच. शिजायला विस्तव लागतो. तेव्हा संस्कृत परंपरेतही आग आहेच की. आहे, पण ती चुलीतली आग आहे, वणव्याची नव्हे. ‘इन्फ्लमेशन’ म्हटले की पहिला विचार विझवण्याचा येतो. पाक म्हटले की वाट पाहण्याचा. दोन रूपकांतून दोन उपचारपद्धती जन्मतात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी मनाचा कल कोणीकडे झुकतो ते यांतून दिसते.

युरोपातील चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात केल्ससने नोंदवली: लाली, सूज, ऊब आणि वेदना. पाचवे, म्हणजे अवयवाचे काम बंद पडणे, हे बरीच पुस्तके गॅलनच्या नावावर घालतात. ते खरे तर एकोणिसाव्या शतकात फिर्खोच्या लेखनातून रूढ झाले. दरम्यान जॉन हंटर या शल्यविशारदाने, १७९४ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, ही क्रिया म्हणजे स्वतः रोग नव्हे, इजेला शरीराने दिलेले हितकर उत्तर आहे, असे मांडले. ‘उत्तर’ ही कल्पना नवी होती. तोवर शरीरावर काहीतरी कोसळत होते. आता शरीर काहीतरी करू लागले.

ते नेमके काय करते? घरबसल्या पाहण्याजोगी एक गोष्ट थॉमस लुइस यांनी १९२७ साली सविस्तर लिहून ठेवली आहे. बोथट टोकाने हातावर जोरात रेघ ओढावी. काही क्षणांत रेघ लाल होते. मग तिच्या आजूबाजूला लालसर झाक पसरते. त्वचा हळवी असेल तर रेघ उचलून गांधीसारखी फुगते. लाली, ऊब, सूज, सगळे क्रमाने, आणि अजून एकही जंतू आलेला नाही.

बाभळीचा काटा कापसाच्या शेतात तळपायात मोडला, तर हेच मोठ्या प्रमाणावर घडते. ऊतीत कायम वस्तीला असलेल्या भक्षक पेशी आणि मास्ट पेशी इजा व जंतू यांची चाहूल घेतात. त्यांच्या अंगावर जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राहक असतात. (या ओळखीच्या शोधासाठी २०११चे नोबेल ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना मिळाले.) हिस्टामिन सुटते, बारीक रोहिण्या सैल होतात, रक्ताचा ओघ वाढतो: ही लाली आणि ऊब. मग सूक्ष्म नीलांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींपासून किंचित सुटतात, आणि प्रथिनयुक्त द्रव बाहेर झिरपतो: ही सूज. ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये मज्जातंतूंची टोके हळवी करतात: हा ठणका. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर उठतो, हे मराठीने ‘ठसठस’ या शब्दात केव्हाच पकडले होते. अ‍ॅस्पिरिन ही प्रोस्टाग्लँडिनेच तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. औषध त्याआधी सत्तरेक वर्षे बाजारात होते.

रक्त संथ झाले की पांढऱ्या पेशी प्रवाहाच्या कडेला येतात, भिंतीवरून घरंगळत जातात, चिकटतात आणि फटीतून बाहेर पडतात. बेडकाच्या पारदर्शक ऊतीत हे दृश्य युलिउस कोनहाइम यांनी पाहिले आणि १८६७ साली प्रसिद्ध केले. पू म्हणजे रक्तातून आलेल्या पेशी, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली. योगायोग असा की त्याच वर्षी लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेचे निबंध छापले आणि पुवाशिवाय जखम भरू शकते हे सांगितले. तेव्हा पिकण्याच्या रूपकालाही येथे मर्यादा पडते. फळ पिकणे ही पूर्तता आहे. जखम पिकणे ही नाही. बहुतेक सूज न पिकताच बसते, आणि तोच तिचा चांगला शेवट. पहिल्या दिवसात न्यूट्रोफिल येतात, पुढच्या एकदोन दिवसांत त्यांची जागा मोठ्या भक्षक पेशी घेतात, मेलेल्या पेशी खाऊन टाकतात, आणि आवरण्याचे संकेत देणारी वेगळी द्रव्ये निर्माण होतात. विझणे हीसुद्धा एक स्वतंत्र क्रिया आहे, हे ज्ञान गेल्या तीनचार दशकांतले आहे. ‘गळू बसले’ म्हणणाऱ्या भाषेला तिचे नाव मात्र आधीपासून ठाऊक होते.

इल्या मेच्निकॉफ यांनी १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या. पेशी जंतूंना गिळतात या त्यांच्या सिद्धांताची ही सुरुवात. १९०८चे नोबेल त्यांना एरलिख यांच्यासह मिळाले. त्यांचा ओडेसा येथील विद्यार्थी व्लादिमिर हाफकिन १८९६ साली प्लेगच्या मुंबईत आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने मारलेल्या जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, टोचल्या जागी दुखले. गुरूने तारामाशात पाहिलेले शिष्याने स्वतःच्या अंगात घडवून आणले.

‘लस’ या शब्दापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. जखमेतून रक्त नव्हे, पू नव्हे, असे जे पातळ पाणी झिरपते ते मराठीत लस. १८०२ साली मुंबईत देवीची टोचणी सुरू झाली तेव्हा एका मुलाच्या दंडावरील फोडातले हेच पाणी दुसऱ्याच्या दंडात टोचले जाई. पुढे प्रयोगशाळेतल्या बाटलीतले औषधही लसच झाले. इंग्रजी शब्दाने गाय लक्षात ठेवली, मराठीने झिरपणारे पाणी. म्हणजे शोथाचाच एक भाग.

असाच दुसरा शब्द ‘अवधाण’. पायाला जखम झाली की जांघेत दुखरी गाठ येते, ते अवधाण. जखमेकडून आलेला द्रव लसग्रंथीत गाळला जातो, म्हणून ती सुजते. जखम पायात आणि गाठ जांघेत, यांचा संबंध ओळखणारा एकच शब्द बोलीत असावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. १८९७ साली पुण्यामुंबईत तपासणीची पथके जांघा आणि काखा चाचपत हिंडत होती. प्लेगचे तेव्हाचे मराठी नाव ‘ग्रंथिक सन्निपात’. अनवाणी माणसाचे साधे अवधाण आणि सुरुवातीची प्लेगची गाठ, यांतला फरक परक्या हाताला कितीसा कळला असेल?

आता पुन्हा वर्ध्याकडे. या जिल्ह्याचा वैद्यकीय इतिहास ज्या रोगाशी सर्वांत घट्ट बांधलेला आहे, त्यात ठणकाच नसतो. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभे केले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन १९३९ साली सेवाग्रामला आले. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करीत. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण कार्याची संस्था वर्ध्यातच स्थापन झाली, आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार देशात प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत वर्धा होता.

कुष्ठरोगाचा जंतू, हान्सेन यांनी १८७३ साली पाहिलेला, अतिशय संथ वाढतो. दुप्पट व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. तो स्वतः विष सोडत नाही, मज्जातंतूंच्या वेष्टणपेशींत जाऊन राहतो आणि गाजावाजा करीत नाही. काट्याने जी हाकाटी होते ती येथे होत नाही. चट्टा येतो, पण तो दुखत नाही, खाजत नाही. रुग्णाच्या भाषेत ज्याला ठणका नाही, आग नाही, त्याला आजार म्हणायचे तरी कसे? म्हणून तो वर्षवर्ष दवाखान्यात जात नाही. पुढे तळपायाची संवेदना गेली की बाभळीचा काटा मोडलेला कळत नाही. सूज येते, लाली येते, ऊबही येते. केल्ससच्या चारांपैकी एकच लक्षण गैरहजर असते, आणि त्या एकाच्या अभावी माणूस सुजलेल्या पायावर चालत राहतो. बोटे झडतात ती थेट जंतूने नव्हे. न जाणवलेल्या जखमांनी आणि त्यांत शिरलेल्या इतर जंतूंनी.

याची दुसरी बाजू अधिक चकवणारी. उपचार सुरू झाल्यावर, कधी उपचाराआधी वा तो संपल्यावरही, काही रुग्णांत ‘रिअ‍ॅक्शन’ येते. तिच्या एका प्रकारात जुने चट्टे लाल होऊन सुजतात आणि मज्जातंतू दुखू लागतात. दुसऱ्यात ताप येतो, अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात. इतकी वर्षे गप्प असलेले शरीर एकाएकी उत्तर देऊ लागते, आणि ते उत्तर मज्जातंतूंच्या अरुंद नळीत सूज आणून काही दिवसांत हात लुळा करू शकते. येथे वाट पाहणे चूक. प्रेडनिसोलोन देऊन ही सूज तत्काळ उतरवावी लागते. म्हणजे येथे वणव्याचे रूपक खरे ठरते, पाकाचे नव्हे. रुग्णाला मात्र दिसते ते एवढेच: रोगात दुखत नव्हते, औषधाने दुखू लागले. तो गोळ्या थांबवतो.

देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आल्याचे २००५च्या अखेरीस जाहीर झाले. पूर्व विदर्भात नवे रुग्ण आजही सापडतात. त्यांच्यापुढे बसलेल्या आरोग्यसेविकेला ‘शोथ’ उपयोगाचा नाही आणि ‘दाह’ही नाही. तिला दोन उलट गोष्टी एकाच बैठकीत सांगायच्या असतात: न दुखणारा चट्टा दाखवायला यावे, आणि गोळ्या चालू असताना दुखू लागले तर गोळ्या न थांबवता त्याच दिवशी यावे.