कावळा, ताड आणि कृष्णविवर

बोईसरहून किनाऱ्याकडे निघालं की ताडाची झाडं दिसतातच. या झाडानं आपल्या न्यायशास्त्राला एक दृष्टान्त दिला : काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडलं. म्हणून कावळ्यानं ते पाडलं असं होत नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, खगोलशास्त्र नव्हे. पण बटू दीर्घिकांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास वाचताना आम्हाला हाच कावळा पुन्हा भेटला.

आधी आपल्या भागाचं नातं सांगतो. ज्या होमी भाभांनी तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा आग्रह धरला, त्यांनीच गोविंद स्वरूप यांना परदेशातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतलं. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यातलेच. त्याच जिल्ह्यात, कल्याणला, स्वरूप यांनी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ३२ लहान तबकड्या उभ्या केल्या आणि सूर्याचं रेडिओ निरीक्षण सुरू केलं. पुढे त्यांच्याच पुढाकारानं नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग दुर्बीण झाली. ती थंड हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओलहर पकडते. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरच अनेक मंद बटू दीर्घिकांमधल्या वायूचे नकाशे केले.

वायू एवढा महत्त्वाचा का? कारण तारे थंड वायूतून जन्मतात. वायू तापला किंवा बाहेर फेकला गेला, की ताऱ्यांचा जन्म थांबतो. आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे. बटू दीर्घिकेत फार तर काही अब्ज. तिचं गुरुत्व तोकडं, म्हणून वायू सहज निसटतो. मग तो घालवतो कोण?

१९८६ मध्ये अविशाय डेकेल आणि जोसेफ सिल्क यांनी उत्तर दिलं : मोठ्या ताऱ्यांचे स्फोट. उत्तर चांगलं होतं, पण त्यामुळे दुसरा संशयित शोधायची गरजच कुणाला वाटेना. मोठं कृष्णविवर मोठ्या दीर्घिकेतच असायचं, असा समज होता. १९८९ मध्ये फिलिपेंको आणि सार्जंट यांना एनजीसी ४३९५ या लहानशा दीर्घिकेच्या केंद्रात सक्रिय कृष्णविवराच्या खुणा दिसल्या, तरी ती बराच काळ अपवादातच जमा राहिली. २०१३ मध्ये एमी राइन्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे २५ हजार बटू दीर्घिकांचे वर्णपट तपासले, तेव्हा शंभरावर ठिकाणी तशा खुणा निघाल्या. आणि २०१७ मध्ये त्याच सिल्क यांनी लिहिलं, की बटू दीर्घिकांचं भवितव्य कृष्णविवरंही ठरवत असतील. आपल्याच गाजलेल्या उत्तराशेजारी दुसरं उत्तर मांडायला धैर्य लागतं.

पण कृष्णविवर सापडलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? इथे कावळा आठवा. शेजारची मोठी दीर्घिकाही वायू ओरबाडते. म्हणून २०१८ मध्ये एका गटानं मुद्दाम एकाकी लहान दीर्घिका निवडल्या आणि त्यांतला हायड्रोजन मोजला. केंद्रात कृष्णविवराच्या खुणा असलेल्या काही दीर्घिकांत तो अपेक्षेपेक्षा बराच कमी भरला. शेजारी नाही, तरी वायू नाही! आपले नैयायिक अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तीच ही रीत. तरीही संशय पूर्ण फिटत नाही, कारण ताऱ्यांचे स्फोट एकाकी दीर्घिकेतही होतातच.

मग आलं उलटं उदाहरण. सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवर हेनाइझ २-१० नावाची बटू दीर्घिका आहे. तिच्यात कृष्णविवर असल्याचं राइन्स यांनी २०११ मध्ये मांडलं. ‘तो ताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष असेल,’ असा आक्षेप आला. २०२२ मध्ये झॅकरी शुट आणि राइन्स यांनी हबल दुर्बिणीच्या वर्णपटांवरून दाखवलं, की केंद्रातून निघालेला वायूचा पट्टा सुमारे २३० प्रकाशवर्षांवरच्या एका दाट मेघापर्यंत पोचतो आणि तिथे नवे तारे जन्मत आहेत. झोत तुलनेनं मंद होता. त्यानं वायू उधळला नाही, दाबला.

म्हणजे कृष्णविवर मारक की तारक? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा घातला गेला. फुंकर दिव्याची ज्योत विझवते आणि तीच फुंकणीतून चुलीतला निखारा फुलवते. कारण एकट्यानं काही ठरवत नाही. झोताचा वेग किती, समोरचा वायू किती दाट, दीर्घिकेची पकड किती, हे सगळं मिळून परिणाम ठरतो. १९८६चं उत्तर खोटं नव्हतं. ते एकमेव मानलं गेलं, चूक तिथे झाली. आपणही रोजच्या वादात एक कारण सापडलं की शोध थांबवतो. ताडाखाली फळ पडलेलं दिसलं, तर कावळ्याकडे जरूर बघा. पण वारा आणि देठही तपासा.