क्षितिज खाली ठेवलं की काय लपतं?

भिगवण-कुंभारगावला उजनीच्या बॅकवॉटरवर काढलेले फ्लेमिंगोंचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. पुढच्या वेळी पक्षी सोडा आणि क्षितिज कुठे आहे ते बघा. बहुतेकदा ते बरंच खाली असतं. वर नुसतं आभाळ, मध्ये जमिनीची बारीक रेघ, कडेला एखादी होडी. (बारामतीत कऱ्हेच्या काठावर हे जमत नाही, रुंद पाणी लागतं.)

ही मांडणी जुनी आहे. 1630-40 च्या दशकांत हॉलंडमध्ये यान व्हॅन गोयेन आणि सालोमन व्हॅन रायसडाल यांनी ती पक्की केली. व्हॅन गोयेनच्या नदीचित्रात काठ एका कोपऱ्यातून तिरका आत जातो आणि आपली नजर त्याच्या मागोमाग जाते. आभाळ चित्राचा दोन तृतीयांश भाग खातं. पण खरी गंमत रंगात आहे. तपकिरी, पिवळट, करडा, थोडा हिरवा, एवढ्यातच सगळं. पाणी, झाडं, ढग यांना वेगळे रंग दिलेच नाहीत, की सगळ्यांवर एकच दमट हवा पसरल्यासारखी वाटते. रंग इतका पातळ की खालची फळी जागोजागी दिसते. असं चित्र झटपट होई आणि स्वस्तात विकता येई. त्याने हजाराच्या वर चित्रं केली ती अशी. तरी ट्युलिपच्या सट्ट्यात बुडालेला हा माणूस 1656 मध्ये कर्जातच गेला.

आता त्याचं 1646 चं एक चित्र घ्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं. त्यात हार्लेम शहर आणि शेजारचं हार्लेमरमेर सरोवर आहे. हे सरोवर वादळागणिक काठ खात पसरत होतं, गावं गिळत होतं. अशा पाण्याला डच लोक 'वॉटरवोल्फ' म्हणत, म्हणजे पाण्याचा लांडगा. पाचच वर्षं आधी, 1641 मध्ये, लेखवाटर नावाच्या अभियंत्याने 160 पवनचक्क्या लावून ते उपसायची योजना छापली होती. चित्रात मात्र पाणी निवांत पडलेलं आहे. शेवटी 1849 ते 1852 मध्ये वाफेच्या पंपांनी ते उपसलं. आज तिथे स्किपोल विमानतळ आहे.

आपल्याकडे उलट झालं. तिथे पाण्याची जमीन झाली, इथे जमिनीचं पाणी. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झालं, भीमा पसरली आणि इंदापूर तालुक्यातलं पळसदेव गाव उठून वर आलं. जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात राहिलं.

माझा संशोधनाचा प्रश्न इथेच आहे. नजर पाण्याच्या पातळीला आणली की पृष्ठभाग दिसतो, तळ नाही. धूसर हवा उरलेलं झाकते. नदी कुठली आणि कुणाचं शेत कुठलं, कळत नाही. दुष्काळी वर्षांतले फोटो मी म्हणूनच वेगळे लावलेत. मंदिर उघडं पडतं तेव्हा त्यांत क्षितिज वर सरकतं, कारण आता खाली दाखवायला काहीतरी असतं: भेगाळलेला गाळ, दगड, भिंती.