जिझिया आणि एक पत्र

लाल किल्ल्यासमोरून जाताना मला हटकून जिझिया आठवतो. इस्लामी राजवटीत बिगरमुस्लिम प्रजा म्हणजे ‘जिम्मी’. कर भरला की जीवित, मालमत्ता आणि उपासनेला संरक्षण. दर्जा मात्र दुय्यम. ऐपतीप्रमाणे वर्षाला १२, २४ वा ४८ दिरहम असे दर. स्त्रिया व मुलांना माफी.

अकबराने १५६४ मध्ये हा कर उठवला, औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा लादला. दाद मागणाऱ्या दिल्लीकरांवर तेव्हा हत्ती घातले, असे खाफीखान लिहितो. शिवरायांच्या नावे असलेल्या निषेधाच्या फारसी पत्रात मात्र अकबराचा गौरव आहे. म्हणजे तक्रार धर्माविरुद्ध नव्हती, अन्यायाविरुद्ध होती. परप्रांतात बाप्पा बसवताना आपणही हा विवेक जपावा, असे मला वाटते.